दोन डॉक्टर, एकच आकडा

२००४ च्या जानेवारीत ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात जेमतेम पानभराचा मजकूर छापून आला. सोबत दोन डॉक्टरांचा शेजारीशेजारी उभं राहून काढलेला फोटो होता. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे प्रा. जॉन युडकिन. दोघंही मधुमेहाचे संशोधक आणि एकमेकांचे सहकारी. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे आपल्या बोलण्यातला बीएमआय, दोघांचाही २२.३. कुठल्याही तक्त्यात निर्धास्तपणे बसणारा हा आकडा. फोटो पाहून कुणी या दोघांपैकी एकालाही लठ्ठ म्हटलं नसतं.

मग दोघांची डेक्सा तपासणी झाली. दोन वेगवेगळ्या ताकदीचे क्ष-किरण अंगातून सोडून हाड किती, चरबी किती आणि बाकीचं मांस किती, याचा हिशेब हे यंत्र मांडतं. युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के. याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजन-उंचीचं गणित तेच, अंगकाठी दोघांचीही सडसडीत, आणि चरबी एकाची दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त. त्याच मजकुरात एक मिश्कील नोंद आहे. युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांचा मोठा व्यायाम म्हणजे बंद होणारं लिफ्टचं दार गाठण्यासाठी काही वर्षांपूर्वी मारलेली धाव! संशोधकाने स्वतःलाच नमुना म्हणून काचेखाली ठेवण्याचं असं उदाहरण विरळाच.

या फरकाला वजनात बसवून पाहावं. समजा दोन माणसं १७० सेंटिमीटर उंचीची आहेत. २२.३ बीएमआय म्हणजे प्रत्येकाचं वजन साधारण साडेचौसष्ट किलो. ९.१ टक्के चरबी म्हणजे सहा किलोंच्या आत, २१.२ टक्के म्हणजे पावणेचौदा किलोंच्या आसपास. जवळजवळ आठ किलोंचं अंतर, आणि काट्यावर त्याचा मागमूसही नाही. कारण ज्याच्या अंगात आठ किलो चरबी जास्त, त्याच्या अंगात तेवढंच मांस कमी. काटा बेरीज सांगतो, कशात काय मिळवलं ते सांगत नाही.

ही बेरीज कुठून सुरू झाली, याचं उत्तर पुण्याजवळच्या सहा गावांत सापडलं. १९९३ मध्ये केईएमच्या संशोधकांनी तिथे एक अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या तरुण मुलींची गरोदरपणाआधीपासून नोंद ठेवायची, दिवस राहिले की आहार, कष्ट, रक्त तपासायचं, आणि बाळ जन्मलं की त्याचंही सगळं मोजायचं, असा तो घाट होता. या आया शेतकरी घरातल्या. सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास, गरोदरपणापूर्वीचं सरासरी वजन बेचाळीस किलोंच्या आतबाहेर. त्यांची पूर्ण दिवसांची बाळं सरासरी २.७ किलोंची भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोंची.

इथवर नवल काही नाही. आई बारकी, बाळ बारकं. नवल पुढे आहे. जन्मल्यावर बाळाच्या दंडाचा घेर, पोटाचा घेर, डोकं, लांबी मोजली गेली. मग चिमट्यासारख्या कॅलिपरमध्ये खांद्याच्या फऱ्याखालची कातडी हलकेच धरून तिची जाडी पाहिली. पुण्याच्या बाळांचा पोटाचा घेर साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा फारच कमी होता. यकृतासारखी आतली इंद्रियं लहान राहिल्याची ही खूण. दंड काटकुळे, म्हणजे स्नायू तुटपुंजे. फऱ्याखालच्या चरबीचा थर मात्र बराचसा शाबूत. पावणेतीन किलोंच्या त्या जिवाकडे पाहून कुणीही ‘काडी आहे नुसती’ म्हटलं असतं, आणि त्या काडीत चरबीचं प्रमाण साहेबाच्या गुटगुटीत बाळापेक्षा सरस होतं. नाळेच्या रक्ताच्या दुसऱ्या एका तुलनेत पुण्याच्या बाळांमध्ये इन्शुलिन लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा जास्त आढळलं. २००३ मध्ये बाळांच्या मोजमापांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ‘थिन-फॅट इंडियन’ हा शब्दप्रयोग जगभरच्या मधुमेहतज्ज्ञांच्या तोंडी बसला.

असं का व्हावं? सर्वात मान्य असलेला तर्क असा, की पोटात रसद कमी पडली की गर्भ खर्चाचा क्रम लावतो. मेंदू आधी. चरबी हा अडीअडचणीचा साठा, म्हणून तीही राखायची. काटछाट होते ती स्नायूंची आणि पोटातल्या इंद्रियांची. ब्रिटनमधले डेव्हिड बार्कर आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हेच सांगत होते: कमी वजनाच्या बाळांना पन्नाशीत हृदयविकार आणि मधुमेह जास्त होतो. पुण्याच्या अभ्यासाने त्या सिद्धान्तात आपली भर घातली. उपाशीपणाचा अर्थ फक्त भाकरी कमी, एवढाच निघाला नाही. ज्या आयांच्या जेवणात पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार होतं, त्यांची बाळं मोठी होती. सुमारे दोनतृतीयांश आयांच्या रक्तात जीवनसत्त्व ब-१२ कमी होतं. ज्यांच्यात ब-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती त्यांच्यात अधिक दिसली. ज्या देशात गरोदर बाईच्या हातात पहिल्याप्रथम लोह-फोलिक ॲसिडच्या गोळ्या पडतात आणि ब-१२ चा विचार क्वचितच होतो, तिथे हा निष्कर्ष जितका गाजायला हवा होता तितका गाजला नाही.

ती मुलं मोठी झाली. अठराव्या वर्षी त्यांच्यातल्या ६१९ जणांची साखर तपासली गेली. ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातली साखर नेहमीपेक्षा चढी होती. बहुतेक सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आणि या ६१९ जणांपैकी ४८ टक्के बीएमआयच्या तक्त्यानुसार कमी वजनाची होती. गावच्या पारावर या पोरांना ‘पाप्याचं पितर’ म्हणून हिणवणाऱ्याला, किंवा ‘जरा खात जा रे’ म्हणून तूप वाढणाऱ्या आजीला, यातल्या एकाचीही साखर दिसणं शक्य नव्हतं.

बीएमआयला मात्र सरसकट शिव्या देण्याचं कारण नाही. त्याचा जन्मच वेगळ्या कामासाठी झाला. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३० च्या दशकात माणसांची मापं गोळा केली आणि दाखवून दिलं, की प्रौढांचं वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. त्यांना शोध होता तो ‘सरासरी माणसा’चा. समोर बसलेल्या एखाद्या रोग्याची तब्येत ओळखणं त्यांच्या मनातही नव्हतं. पुढे अमेरिकेतल्या विमा कंपन्यांना वजनात रस निर्माण झाला. मेट्रोपॉलिटन लाइफने १९४० च्या दशकात ‘आदर्श वजना’चे तक्ते काढले. त्यात माणसांचे लहान, मध्यम आणि मोठा बांधा असे तीन वर्ग होते. बांधा ओळखायचा कसा, हे मात्र ज्याचं त्याने ठरवावं. आपल्याकडे रेल्वे स्टेशनवरच्या लुकलुकत्या दिव्यांच्या यंत्रात नाणं टाकलं की पुठ्ठ्याच्या तिकिटावर एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य छापून यायचं. विमा कंपन्यांचा धंदा याहून फार निराळा नव्हता. फरक इतकाच, की त्यांचं भविष्य आकडेवारीवर उभं होतं आणि त्यावर हप्ता ठरायचा.

अशा तक्त्यांची जाहीर फजिती केली अमेरिकी नौदलाच्या डॉक्टरांनी. अल्बर्ट बेंकी हे पाणबुड्यांच्या आरोग्याचे जाणकार. १९४२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलपटूंना तपासलं. तक्त्यांप्रमाणे त्यातले १७ जण इतके ‘जाड’ ठरत होते की त्यांना सैन्यात घेता आलं नसतं आणि पहिल्या दर्जाचा विमाही मिळाला नसता. बेंकींनी त्यांचं वजन हवेत केलं आणि मग पाण्याखाली केलं. आर्किमिडीजची ही जुनीच युक्ती. चरबी पाण्यावर तरंगते, स्नायू आणि हाड बुडतं; तेव्हा पाण्यात माणूस किती हलका होतो यावरून त्याच्या अंगातली चरबी काढता येते. या ‘जाड्यां’पैकी बहुतेकांच्या अंगात चरबी थोडीच निघाली. वजन होतं ते स्नायूंचं.

हिशेबाने पाहिलं तर दहा किलो चरबी सव्वाअकरा लिटरच्या जरा आत जागा घेते; दहा किलो स्नायू साडेनऊ लिटरच्या आत मावतात. फरक पावणेदोन लिटरचा. म्हणूनच जिममध्ये तीन महिने घाम गाळलेल्या माणसाचा काटा हलत नाही, पण शर्ट खांद्यावर घट्ट आणि पोटावर सैल होतो. तो बिचारा काट्याकडे बघून जिम सोडतो.

कुस्तीच्या मुलखात तरी हे नव्याने सांगायला नको. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला ५७ किलोंच्या गटात कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात असताना त्यांची ठेंगणी, किरकोळ अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना स्पर्धेत उतरवायलाच नकार दिला होता, असं सांगतात. मैदानात उतरल्यावर त्यांनी आपल्याहून थोराड गड्यांना चीत केलं.

आजच्या कुस्तीत फसवणूक उलट्या बाजूने होते. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट ५० किलोंच्या गटात पहिल्या दिवशी वजनात बसली, तीन लढती जिंकली, आणि दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीआधी १०० ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद झाली. पहिल्या दिवसाच्या लढतींनंतर तिचं वजन अडीच किलोंहून अधिक वाढलेलं होतं. रात्रभर व्यायाम, वाफ, शेवटी केससुद्धा कापले, तरी काटा पन्नासच्या वरच राहिला. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने ५७ किलोंच्या गटात उपान्त्य लढतीनंतरचे ४.६ किलो साधारण दहा तासांत उतरवले आणि कांस्य जिंकलं. हे साडेचार किलो म्हणजे पाणी, थोडं पोटातलं अन्न आणि स्नायूंत साठवलेली साखर. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाळगतं, त्यामुळे साखर संपली की पाणीही जातं. चरबी एका रात्रीत हलत नाही. ‘आठवड्यात पाच किलो घटवा’ अशी हमी देणाऱ्या जाहिराती नेमक्या याच पाण्यावर चालतात. पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक खूश, दुसऱ्यात बुचकळ्यात.

पाण्याची ही चकवणूक दवाखान्यात जिवावर बेतते. डायलिसिसवर असलेल्या माणसाला ‘ड्राय वेट’ हा शब्द पाठ असतो: अंगात साचलेलं जादा पाणी काढून टाकल्यावरचं खरं वजन. दोन डायलिसिसच्या मधे दोन-तीन किलो चढतात. त्याला अंगावर मांस चढल्याचं लक्षण समजायचं, तर तो माणूस दम लागून कॅज्युअल्टीत पोचेल. जलोदर झालेल्या यकृताच्या रोग्याचं तर आणखी विचित्र. हातपाय सुकत जातात, पोट पाण्याने भरत जातं, आणि महिनोन् महिने वजन जागच्या जागी. घरचे म्हणतात, वजन कुठे घटलंय?

सगळ्यात क्रूर उदाहरण लहान मुलांचं. गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, काम करणाऱ्या सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात ‘क्वाशिओरकोर’ हे नाव वैद्यकात आणलं. मराठीत याला ‘सुजवटी’ म्हणतात. सुकटी झालेल्या मुलाची हाडं दिसतात, त्याच्याकडे पाहून कुणाचंही काळीज हलतं. सुजवटीचं मूल गोलमटोल दिसतं: भरलेले गाल, टुमटुमीत पोट, जाड पावलं. आत ते उपाशी असतं. मेळघाट किंवा नंदुरबारच्या अंगणवाडीत हे ओळखायची एक बिनखर्चाची पद्धत आहे. मुलाच्या दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून धरायचा आणि उचलायचा. दोन्हीकडे खळगा तसाच राहिला, तर वजन कितीही असो, ते मूल तीव्र कुपोषित धरायचं. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत या मुलाचं वजन उतरतं, कारण सूज ओसरते. आणि हे उतरणं हीच बरं होण्याची पहिली खूण असते. नुकत्याच आलेल्या नातेवाइकाला हे पटवून देणं सोपं नसतं. दंडाला गुंडाळायची रंगीत पट्टीही याच कामाची: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला की लाल.

आता चरबीकडेच वळायचं, तर ती किती आहे यापेक्षा ती कुठे आहे, हा प्रश्न मोठा. मार्से इथले डॉक्टर झाँ व्हाग यांनी १९४७ मध्येच लिहून ठेवलं होतं, की मांड्या-नितंबांवर चढणारी चरबी आणि पोटावर चढणारी चरबी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मधुमेह, हृदयविकार दुसरीच्या मागून येतात. अनेक वर्षं हे दुर्लक्षित राहिलं. पुढे सीटी स्कॅन आलं आणि जपानी संशोधकांनी सुमो पैलवानांना त्याखाली झोपवलं. दीडशे किलोंचे हे गडी दिवसाला काही हजार कॅलरी रिचवतात. त्यांची चरबी मुख्यतः कातडीखाली होती. आतड्यांभोवती, जिथे ती घात करते तिथे, फारच थोडी. तालमीत असेपर्यंत अनेकांची रक्तातली साखर व्यवस्थित. निवृत्त होऊन कसरत सुटली आणि खाणं तसंच राहिलं, की रोग गाठतात.

दुसरं टोक म्हणजे लिपोडिस्ट्रोफी हा दुर्मीळ आजार. यात कातडीखाली चरबी साठवायची सोयच शरीरात नसते. माणूस पिळदार, एखाद्या शिल्पासारखा दिसतो. अंगावरची प्रत्येक शीर मोजता येते. आणि त्याला जबर मधुमेह असतो, यकृतात चरबी भरलेली असते, रक्त कधी कधी दुधट दिसावं इतकं चरबीयुक्त असतं. साठवायला जागा नाही म्हणून चरबी यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात शिरते. दक्षिण आशियाई लोकांबद्दलही एक तर्क याच अंगाने जातो: कातडीखालची कोठारं आपल्याकडे लहान, म्हणून ती लवकर भरतात आणि माल भलतीकडे सांडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकसंख्येसाठी २३ आणि २७.५ हे जादा टप्पे सुचवले. भारतीय डॉक्टरांनी २००९ मध्ये लठ्ठपणाची रेषा ३० वरून २५ वर आणली आणि कमरेच्या मर्यादा पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ठेवल्या. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाला तिथला डॉक्टरही आता गोऱ्यांचा आकडा लावत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत वजनाच्या हिशेबाने २८.६ टक्के प्रौढ लठ्ठ निघाले, कमरेच्या हिशेबाने ३९.५ टक्के. दोन आकड्यांमधल्या अंतरात कोट्यवधी माणसं बसतात. यातल्या बहुतेकांना त्यांच्या डॉक्टरने ‘वजन ठीक आहे’ म्हणून घरी पाठवलेलं असणार.

म्हणून सध्या तज्ज्ञ काट्याबरोबर शिंप्याचा टेप मागतात. ‘लॅन्सेट’च्याच एका आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं, की फक्त बीएमआयवरून कुणालाही लठ्ठ ठरवू नये, कमरेसारखं आणखी एक माप घ्यावं किंवा चरबी थेट मोजावी, आणि मग इंद्रियांवर परिणाम झाला आहे का हे पाहावं. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेची मार्गदर्शिका २०२२ पासून आणखी सोपं सांगते: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवा. पाच फूट सहा इंचांच्या माणसाला तेहतीस इंचांच्या आत.

इथे अनेक पुरुष मनातल्या मनात आपल्या पँटचा नंबर आठवतील आणि निश्चिंत होतील. त्यांनी तसं करू नये. पोट सुटलं की पट्टा हळूहळू पोटाखाली सरकतो, आणि पँट वीस वर्षं चौतीसचीच राहते. टेप लावायचा तो सगळ्यात खालच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या बरोबर मधे, शर्ट वर करून, श्वास सहज सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही, टेप कातडीत रुतवायचाही नाही, आणि शक्यतो वाचायला दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं.